जाड तेलासाठी भोक किती मिलिमीटरचं?

प्रश्न असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड मिक्सरचा गिअरबॉक्स ओव्हरहॉल करताना त्याला पंपाने तेल पुरवायची सोय केलीय. तेल व्हीजी २२० (हा जाडपणाचा ग्रेड), गिअर पंप मिनिटाला १० लिटरचा, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेवर गेला की जादा तेल टाकीत परत सोडणारा) ३ बारला लावलेला. चार बेअरिंगना प्रत्येकी मिनिटाला १ लिटर तेल हवं. पुस्तकातल्या ऑरिफिसच्या (प्रवाह मोजून सोडणाऱ्या भोकाच्या) सूत्राने १.२ मिमीचं भोक आलं, म्हणून १२ मिमी लांबीच्या पितळी प्लगमध्ये १.२ चं ड्रिल आरपार मारलं. पहिल्या शिफ्टला तेल थेंबथेंब येतं, दुपारी बरं येतं, पण लिटर काही भरत नाही. नळी ८ मिमीची तांब्याची, सगळ्यात लांबचं बेअरिंग २ मीटरवर. विचारणा एवढीच की भोक २ मिमी करू का?

इतक्यात ड्रिल लावू नका. मी उद्यमनगरात हायड्रॉलिक पॉवर पॅक आणि ल्युब्रिकेशनची कामं करतो, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या मशीनच्या नावाने येत असतो. तुमची आकडेमोड बरोबर आहे. मी ती परत करून पाहिली, १.१६ मिमी येतं, म्हणजे १.२ चं ड्रिल ठीकच. पण ते सूत्र पाण्यासारख्या पातळ द्रवाचं आणि पातळ पत्र्यातल्या धारदार कडेच्या भोकाचं आहे. तुमचं तेल पातळ नाही आणि तुमचा प्लग पत्रा नाही. शिवाय तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलेली नळीची माहिती भोकापेक्षा जास्त महत्त्वाची निघणार आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आधी सूत्र काय धरून चालतं ते बघू. भोकाच्या अलीकडचा सगळा दाब द्रवाला वेग देण्यात खर्च होतो, भिंतीला घासण्यात काही जात नाही, असं ते मानतं. धार भोकाबाहेर पडताना थोडी आकसते, त्यासाठी ०.६१ चा गुणांक लावायचा. गिअर ऑइलची घनता ८९० धरली तर हेच सूत्र वर्कशॉपच्या भाषेत असं होतं: मिनिटाला लिटर = ०.४३ × व्यासाचा वर्ग × दाबाचं वर्गमूळ. व्यास मिमीत, दाब बारमध्ये. १.२ मिमी आणि ३ बार घाला, १.०७ लिटर येतं. यात तेलाच्या जाडपणाचा आकडा कुठेच नाही, हे बघा. पाणी असो की व्हीजी २२०, उत्तर जवळपास तेच येणार. इथेच शंका यायला हवी.

हे सूत्र कुठे लागू आणि कुठे नाही, हे रेनॉल्ड्स नंबर सांगतो, म्हणजे वाहण्याचा जोर जाडपणाच्या ओढीपुढे किती मोठा ते. भोकासाठी तोही सोपा करून देतो: २१,२०० × लिटर प्रति मिनिट, भागिले व्यास मिमी, भागिले सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप). तुमच्या बाबतीत १ लिटर, १.२ मिमी आणि ४० अंशांना २२० सेंटिस्टोक धरले तर ८० येतो. ०.६१ चा गुणांक स्थिर राहायला हा नंबर निदान काही शे, खरं तर हजाराच्या पुढे लागतो. ८० ला तेल अगदी शिस्तीत, थरावर थर ठेवून वाहतं, आणि प्रत्येक थर शेजारच्याला ओढून धरतो. अशा वेळी भोकाची लांबी हाच मोठा मुद्दा होतो.

लांब भोकाचं सूत्र वेगळं आहे. जर्मनीत हागेन आणि फ्रान्समध्ये पोआझे यांनी ते १८४० च्या आसपास प्रयोग करून स्वतंत्रपणे शोधलं. पोआझे हा डॉक्टर, त्याला बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते बघायचं होतं. आपल्या कामाच्या मापांत ते असं: मिनिटाला लिटर = १६५ × व्यासाचा चौथा घात × दाब, भागिले सेंटिस्टोक, भागिले लांबी. व्यास आणि लांबी मिमीत. यात तुमचा प्लग घाला: १.२, ३ बार, २२०, १२. उत्तर ०.३९ लिटर. तोंडाशी आणि बाहेर पडताना जाणारा दाब वजा केला की ०.३४ च्या आसपास राहतं. म्हणजे तेल ४० अंशांवर असलं आणि पूर्ण ३ बार प्लगपर्यंत पोचले, तरी तुम्हाला एक तृतीयांश लिटरच मिळणार होतं. दुपारीही लिटर का भरत नाही याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आता सकाळचं बघू. गुऱ्हाळावर कढईतून काढलेली काकवी आणि तीच दुसऱ्या दिवशी डब्यातली काकवी ज्याने ओतलीय त्याला तापमानाचा खेळ वेगळा सांगायला नको. व्हीजी २२० मधले २२० हे ४० अंशांचे. साधारण ९५ व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं (हा आकडा जितका मोठा तितका तापमानाने जाडपणा कमी बदलतो) खनिज तेल धरलं तर ते ६० अंशांना ८० सेंटिस्टोकवर येतं, ३० ला ४१० होतं आणि २० ला ८५० च्या आसपास जातं. थंडीत शिरोलीला रात्रभर बंद शेडमध्ये उभ्या असलेल्या टाकीत २० अंश म्हणजे काही विशेष नाही. पहाटे त्याहूनही खाली जातं. २० ते ६० या पट्ट्यात जाडपणा दहापटीने बदलतो. तुमच्या प्लगमधून ६० अंशांना ०.७ लिटर, ४० ला ०.३४ आणि २० ला जेमतेम ०.०९ लिटर, असा माझा हिशोब येतो. ०.०९ लिटर म्हणजे मिनिटाला ९० मिली, त्यालाच तुम्ही थेंबथेंब म्हणताय.

तेच १.२ मिमीचं भोक ०.३ मिमी जाडीच्या पत्र्यात मारलं तर? दाब तोच ३ बार, तेल तेच. ६० अंशांना साधारण १.०३ लिटर, ४० ला ०.९५ आणि २० ला पाऊण लिटरच्या आसपास. हा कागदी अंदाज आहे, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच. पण फरक केवढा ते बघा. लांब भोकात सकाळ-दुपारचा फरक सात-आठ पट, पातळ कडेत दीडपटीच्याही आत. कारण सरळ आहे. पातळ कडेपाशी तेलाला घासायला भिंतच नाही. दाब वेग देण्यातच जातो, आणि वेग द्यायला लागतं वस्तुमान, ज्यात तापमानाने फार फरक पडत नाही. म्हणून जाड द्रवासाठी भोक मोजताना पहिला प्रश्न व्यासाचा नसतो, भोकाची लांबी व्यासाच्या किती पट आहे याचा असतो. तुमची दहापट आहे. मी पाव ते अर्ध्या पटीच्या वर जाऊ देत नाही.

इथवर भोकाचं झालं. आता नळी.

८ मिमीची तांब्याची नळी म्हणजे १ मिमी भिंत धरली तर आतून ६ मिमी. १.२ समोर ६ मिमी म्हणजे हायवेच वाटतो, त्यामुळे कुणी तिचा हिशोब करत नाही. वरचंच लांब भोकाचं सूत्र तिला लावा, कारण नळी हे शेवटी एक लांब भोकच आहे. २ मीटर लांबी, ४० अंश, १ लिटर. नळीतच २ बार जातात. तुमच्या ३ बारपैकी प्लगच्या वाट्याला १ उरतो. आणि २० अंशांना त्याच नळीतून १ लिटर ढकलायला ८ बार लागतील. तुमचा रिलीफ ३ बारला आहे. म्हणजे सकाळी प्लग पूर्ण काढून ठेवला, नळीचं तोंड उघडं सोडलं, तरी मिनिटाला ०.३७ लिटरच्या वर तेल येणं शक्य नाही. भोक २ करा, ४ करा, सकाळचा लिटर भरणार नाही. तुमच्याकडे पंपापासून अर्ध्या मीटरवर एखादं बेअरिंग असेल तर सकाळी दोन्हीकडचे प्लग काढून बघा, त्याच्या नळीतून तेल बरं येईल, आणि लांबच्याच्या नाही. तसं असेल तर माझं म्हणणं तपासायची वेगळी गरजच नाही.

म्हणून खरा प्रश्न असा मांडायला हवा: ३ बार कुठे कुठे खर्च होतायत? भोक प्रवाहावर ताबा तेव्हाच ठेवतं जेव्हा दाबाचा मोठा वाटा भोकातच खर्च होतो. नळी, वळणं, फिटिंग हेच दाब खाऊन टाकत असतील तर ताबा त्यांचा, आणि त्यांचा ताबा हवामानावर चालतो. माझा ठोकताळा असा की सगळ्यात थंड वेळी नळीत एकूण दाबाच्या पाचव्या-सहाव्या भागापेक्षा जास्त जाऊ नये. तुमच्यासाठी आतून १२ मिमीची नळी घेतली तर २ मीटरमध्ये १ लिटरला ४० अंशांवर ०.१३ बार आणि २० ला अर्धा बार जातो. व्यास दुप्पट केला की दाबाचा खर्च सोळाव्या भागावर येतो, चौथ्या घाताची ही चांगली बाजू. त्याहून बरं म्हणजे पंपापासून अर्धा इंची पाइप थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर आणा, तिथे एक मॅनिफोल्ड ब्लॉक (एका पाइपचं तेल अनेक फांद्यांत वाटणारा ठोकळा) बसवा, आणि चारही बेअरिंगना जमेल तितक्या आखूड आणि सारख्या लांबीच्या फांद्या काढा. भोक प्रत्येक फांदीच्या शेवटी, बेअरिंगच्या तोंडाशी. पंपाच्या सक्शनला मात्र चुकूनही काही आवळू नका. तिथे अडवलं तर पंप हवा ओढतो आणि कर्कश आवाज करत झिजतो.

नळ्या मोठ्या करून प्लग लांबच ठेवला आणि भोक वाढवलं तर चालणार नाही का, असं तुमच्या मनात येणार. सकाळी २० अंशांना १ लिटर हवा तर १२ मिमी लांब प्लगमध्ये साधारण २.२ मिमीचं भोक लागेल, २ मिमीही पुरणार नाही. त्याच भोकातून दुपारी ६० अंशांना साडेतीन लिटर जायला बघतील. चार बेअरिंगचे १४ लिटर. पंप १० चाच. मग ३ बार टिकत नाहीत, रिलीफ बंद होतो, दाब पडतो, आणि ज्या फांदीला कमी अडथळा तिच्याकडे तेल पळतं. लांबचं बेअरिंग दुपारी उपाशी. सकाळचा रोग दुपारी गेला, बरा झाला नाही. गिअर पंप जितकं ओढतो तितकं ढकलतोच. भोकांमधून जेवढं जातं ते सोडून उरलेलं रिलीफवरून टाकीत परत जायला हवं, तेव्हाच दाब स्थिर राहतो आणि भोकांना आपलं काम करता येतं. तुमचे सहा लिटर परत जाणार म्हणून तेल तापेल ही भीती इथे नको, ६ लिटर आणि ३ बार म्हणजे फक्त ३० वॅट.

आता प्लगचं काय करायचं. नवे करायची गरज नाही. हेच प्लग लेथला धरा आणि बाहेर पडायच्या बाजूने ५ मिमीचं ड्रिल इतकं आत घ्या की १.२ चं भोक फक्त शेवटच्या ०.३ ते ०.४ मिमीत शिल्लक राहील. ड्रिलच्या टोकाचा शंकू राहिला तरी बिघडत नाही, तो तेल बाहेर पडायच्या बाजूला आहे. तेल आत शिरायच्या बाजूची कड मात्र धारदार हवी. आपल्याकडे कोणत्याही भोकाला सवयीने काउंटरसिंक फिरवायची (कड तिरकी कापायची) खोड आहे, पोरगं हातात मोठं ड्रिल घेऊन चिमटीने फिरवतं आणि बर (कडेला उरलेली धातूची कोर) काढून टाकतं. इथे तेच घात करतं. शिरायची कड किंचित जरी गोल किंवा तिरकी झाली तरी गुणांक ०.६१ वरून ०.७, ०.८ कडे सरकतो आणि चारही प्लग वेगवेगळं तेल देऊ लागतात. बर काढायची तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तोंड दोन-चार वेळा घासा. मग प्लग उजेडाकडे धरून भिंगातून बघा. कडेवर चमकणारी रेघ दिसली तर कड मोडलेली आहे, नुसती काळी वर्तुळाकार हद्द दिसली तर ठीक.

१.२ चं ड्रिल १.२ चंच भोक पाडतं असं समजू नका. स्पिंडल हलका असेल, ड्रिल हाताने धार लावलेलं असेल तर १.२५ सहज होतं. पातळ कडेत त्याने प्रवाह आठ-नऊ टक्के वाढतो, लांब भोकात अठराच्या आसपास. पिन गेजने (नेमक्या मापाची पिन भोकात घालून) तपासा.

एक गोष्ट तुमच्या जागेची म्हणून. फाउंड्रीत मोल्डिंग सँडची धूळ कुठेही शिरते, ब्रीदरमधून (टाकीच्या हवा घ्यायच्या तोंडातून) टाकीतही. पितळी कड त्या रेतीने महिन्यांत गोल होते आणि प्रवाह हळूहळू वाढत जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पितळी प्लग आत्ता प्रयोगापुरते वापरा, कायमचे स्टेनलेसमध्ये करा. पंपानंतर शंभर मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर आणि टाकीला चांगला ब्रीदर हवाच. याच हिशोबाने कुणाला पाव लिटरच हवं असेल तर भोक ०.६ मिमीवर येतं, आणि मोल्डिंगच्या रेतीचा दाणा पाव मिमीच्या आसपास असतो. दोन-तीन दाणे अडकले की भोक बुजलं. तिथे एका बारीक भोकाऐवजी चार मोठी भोकं एकामागे एक ठेवायची. चार पत्र्यांत दाब वाटला गेला की व्यास साधारण १.४ पट घेता येतो, म्हणजे ०.६ चं ०.८५. भोकं एका रेषेत न ठेवता आलटून पालटून बाजूला ठेवायची, नाहीतर पहिली धार सरळ दुसऱ्यातून निघून जाते.

तयार वस्तू वापरायच्या असतील तर मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचे मेन जेट चांगले. भोक अचूक असतं आणि स्वस्तात मिळतात. फक्त वरच्या नंबरवर विसंबू नका, काही कंपन्यांत तो व्यास असतो आणि काहींत प्रवाह. शिवाय सगळेच जेट पातळ कडेचे नसतात, आतली लांबी बघून घ्या. मिग वेल्डिंगची टिप बऱ्याच जणांना मोहात पाडते. ती घेऊ नका, ती तुमच्या प्लगपेक्षाही लांब भोक आहे.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. पहिली म्हणजे १ लिटर कशासाठी हवा? तेल फक्त वंगणाला असेल तर बेअरिंगला त्याहून बरंच कमी पुरतं, आणि थंड बेअरिंगला सकाळी पाऊण लिटर म्हणजे चैन आहे. तेल उष्णता वाहून न्यायला असेल तर १ लिटर दुपारी हवा, आणि दुपारी तो मिळणारच आहे. दोन्ही बाबतींत पातळ कडेचं भोक आणि मोठी नळी एवढ्यावर भागतं. पण गिअरबॉक्सवाल्याने चालू करायच्या क्षणापासून १ लिटर बजावला असेल तर टाकीत हीटर लावा आणि तेल ३५-४० अंशांवर आल्याशिवाय मुख्य मोटर सुरूच होणार नाही असा इंटरलॉक द्या. हीटर तेलासाठी बनवलेला, कमी वॉट-घनतेचा (पृष्ठभागाच्या मानाने कमी वॅटचा) घ्या. पाण्याच्या गीझरची कॉइल जाड तेलात घातली की तिच्याभोवतीचं तेल जळून कोळसा धरतं आणि बाकी टाकी थंडच राहते. व्हीजी १५० किंवा चांगल्या व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं सिंथेटिक तेल हाही मार्ग आहे, पण तो गिअरबॉक्स बनवणाऱ्याला विचारूनच. दातांवरचा भार मला इथून दिसत नाही.

नीडल व्हॉल्व्ह लावून सेट करू, असं कुणी सुचवेल. सुई आणि सीट यांच्यामधली फट ही लांब, अरुंद वाट असते. दुपारी सेट केलेला नीडल व्हॉल्व्ह सकाळी तुमच्या प्लगसारखाच वागतो, वर ऑपरेटरचा हात त्याच्यावर फिरत राहतो. प्रवाह खरोखर काटेकोर हवा असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटेड फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह घ्या. त्यातही आत पातळ कडेचंच भोक असतं, आणि एक स्पूल (आत सरकणारा दट्ट्या) त्या भोकावरचा दाबफरक स्थिर ठेवतो. अगदी थोडं तेल ठरावीक वेळाने हवं असेल तर पिस्टनवाले डिस्ट्रिब्युटर बरे. ते मोजून ढकलतात, जाडपणाची पर्वा करत नाहीत.

म्हणजे लांब भोक वाईटच असंही नाही. ग्राइंडिंग मशीनच्या हायड्रोस्टॅटिक बेअरिंगमध्ये (पंपाच्या दाबाचं तेल पॉकेट म्हणजे खाचांत भरून शाफ्ट तरंगत ठेवणारं) मुद्दाम लांब केशनळ्या घालतात. तिथे बेअरिंगची फटही जाडपणाला तशीच प्रतिसाद देते, त्यामुळे तेल तापून पातळ झालं तरी नळी आणि फट दोन्ही सारख्याच सैल होतात आणि पॉकेटमधला दाब जिथल्या तिथे राहतो. तिथे कुणी शहाणपणा करून पातळ कडेचं भोक घातलं तर तापल्यावर पॉकेटचा दाब पडतो.

साखर कारखान्यातल्या मंडळींसाठी एक ओळ, कारण ते हमखास विचारतात. मळीला यातलं काहीच जसंच्या तसं लावू नका. तिचा जाडपणा तापमानासोबत ब्रिक्सवरही (विरघळलेल्या साखरेच्या प्रमाणावरही) चालतो आणि तिच्यात बारीक साखरेचे कण असतात. बारीक भोकाऐवजी पंपाचा वेग बदलून प्रवाह ठरवा. ग्रीसला तर ठरावीक दाबापेक्षा कमी दाबावर वाहायचंच नसतं, तिथे ही दोन्ही सूत्रं गैरलागू. आणि कुणी आयएसओ ५१६७ चे तक्ते घेऊन बसलं असेल तर ते बाजूला ठेवा. ते मानक ५० मिमी आणि वरच्या पाइपमधला प्रवाह मोजण्यासाठी आहे, १२.५ मिमीपेक्षा लहान भोक त्यात बसतच नाही आणि रेनॉल्ड्स नंबर निदान ५,००० मागतो. तुमचे ८० आहेत.

बदल केल्यावर मोजायचं कसं तेही सांगतो. माप लावलेल्या भांड्यात तेल धरू नका, फेसामुळे आकडा फुगतो. रिकामा डबा वजनकाट्यावर ठेवा, एक मिनिट तेल धरा, ग्रॅमला ०.८९ ने भागा, मिली मिळतात. दर वेळी तेलाचं तापमान डब्यात थर्मामीटर घालून लिहा, टाकीवरच्या गेजचं नको. आणि मॅनिफोल्डवर एक प्रेशर गेज कायमचा ठेवा. पहिल्या शिफ्टला गेज पावणेतीन-तीन दाखवत असेल आणि तरी एखाद्या बेअरिंगला तेल कमी असेल तर त्या फांदीचं भोक काढून बघा, बुजलेलं असेल. गेजच दीडवर लटकत असेल आणि रिलीफवरून टाकीत तेल येत असेल तर मॅनिफोल्डपर्यंतचा पाइप अजून बारीक आहे. रिलीफवरून काहीच येत नसेल तर भोकं मोठी झालीत किंवा पंप झिजलाय. पंपाची शंका आली तर त्याच्या तोंडाशी दुसरा गेज लावून घ्या. दोन्ही गेजमधला सकाळचा फरक कळवलात तर पाइपचं माप पक्कं सांगता येईल.